मान टाकणारा हात

रात्री साडेअकराला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरची एम्ब्रॉयडरीची यंत्रं थांबतात आणि सकाळी सहाला पुन्हा सुरू होतात. सुरतच्या कतारगाममध्ये घरात बसून आवाज रेकॉर्ड करणाऱ्याला मिळतात ते हे साडेसहा तास. झोप वजा केली की हातात दोन उरतात, फार तर अडीच. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री मी एका मराठी कादंबरीचं अकरावं प्रकरण वाचत होतो. पंचेचाळीस मिनिटं एका दमात वाचलं. मग हेडफोन लावून ऐकायला बसलो, तर सुरुवातीचा माणूस आणि शेवटचा माणूस एक वाटेना. पहिल्या पानावर कानाशी बसून सांगणारा भरदार आवाज, आणि शेवटच्या पानावर तोच गडी ओसरीच्या पलीकडून बोलतोय. मी खुर्चीतून हललो नव्हतो, माइक तोच होता. माइक धरणारा हात मात्र पाऊण तासात चार बोटं खाली उतरला होता.

प्रकरण पुन्हा वाचलं. तीन दिवसांनी त्या हाताने मान पूर्ण टाकली, पाऊण किलोचा माइक टेबलावर आपटला आणि त्याची जाळी चेपली.

तो हात, म्हणजे टेबलाच्या कडेला लावायचा स्प्रिंगचा माइक स्टँड, मी ऑनलाइन साडेतेराशे रुपयांना घेतला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘हेवी ड्यूटी’ छापलेलं होतं. विक्रेत्याच्या पानावर ‘दोन किलोपर्यंत वजन पेलतो’ असं लिहिलेलं होतं. किती अंतरावर पेलतो, ते कुठेही नव्हतं. हात पूर्ण लांब केल्यावर की घडी घालून ठेवल्यावर? नव्या स्प्रिंगवर की सहा महिने ताणलेल्या स्प्रिंगवर? मी तक्रार केली. वापरलेली वस्तू परत घेत नाही, असं उत्तर आलं. वापरल्याशिवाय वजन पेलत नाही हे कळणार कसं, या माझ्या प्रश्नाला उत्तर आलंच नाही.

ही फसवणूक आहे. गैरसमज, नशीब किंवा ‘स्वस्तात एवढंच मिळणार’ यातलं काहीही नाही. ज्या वस्तूचं एकमेव काम वजन पेलणं आहे, ती वस्तू किती वजन किती अंतरावर पेलते हे न सांगता विकणं म्हणजे मापाशिवाय दूध विकणं. गवळ्याला आपण हे करू देत नाही. मग यांना का करू देतो?

खरा आकडा मला पहिल्यांदा विचारला तो कतारगाम जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्या काकांनी. मोडका हात घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. माइक काय, ऑडिओबुक काय, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी हात उलटापालटा करून पाहिला, सांध्यातला नट बोटांनी फिरवला आणि विचारलं, “भाऊ, वजन केटलुं छे? अने केटले दूर राखवुं छे?” वजन किती, आणि किती लांब धरायचं. एवढेच दोन प्रश्न. आयुष्यभर लोखंड कापणाऱ्या माणसाच्या तोंडून ते आपोआप आले, आणि हजारो माइकचे हात विकणाऱ्यांना ते एकदाही सुचत नाहीत, कारण उत्तर छापलं तर माल खपणार नाही.

या दोन प्रश्नांचा हिशेब साधा आहे. माइक, त्याला हादऱ्यांपासून वाचवणारा शॉक माउंट, फुंकर अडवणारा पॉप फिल्टर आणि केबलचा लोंबता भाग मिळून एक किलो धरा. हात टेबलाच्या कडेपासून ७५ सेंटिमीटर बाहेर काढला. क्लॅम्पने टेबलाची कड साधारण ५ सेंटिमीटर आत धरली आहे. म्हणजे तरफेची एक बाजू दुसरीच्या पंधरापट लांब. पुढच्या टोकाला एक किलो लोंबतोय, तर क्लॅम्पच्या तोंडाशी पंधरा किलोचा जोर पडतोय, आणि हाताचं स्वतःचं वजन अजून यात धरलेलंच नाही. हा जोर येतो कुठे? क्लॅम्पच्या स्क्रूखाली रुपयाच्या नाण्याएवढी चकती असते, तिच्यावर. ती चकती ज्या टेबलाला टेकते ते टेबल बहुतेक घरांत पार्टिकल बोर्डचं असतं, म्हणजे लाकडाचा चुरा चिकटवून दाबलेला. महिन्याभरात तिथे खळगा पडतो, क्लॅम्प तिरका होतो, माइक दोन बोटं खाली येतो. मग आपण स्क्रू आणखी आवळतो आणि खळगा आणखी खोल करतो.

‘स्प्रिंग असल्यामुळे वजन जाणवत नाही’ हा गैरसमज तर विकणाऱ्यांनी मुद्दाम पोसलेला आहे. स्प्रिंग वजन नाहीसं करत नाही. हात हलवताना तुमच्या बोटांना जोर लागू नये म्हणून ती आतल्या आत ओढून धरते. टेबलाच्या कडेवर येणारा मरोड, म्हणजे पिळणारा जोर, जसाच्या तसा राहतो, ग्रॅमभरही कमी होत नाही. स्प्रिंग कितीही उत्तम असली तरी क्लॅम्प आणि टेबल दुबळं असेल, तर हात मान टाकणारच.

या स्प्रिंगच्या हाताचा जन्म माइकसाठी झालाच नव्हता. इंग्लंडमधल्या बाथ शहरी जॉर्ज कारवार्डिन नावाचा एक इंजिनिअर मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करायचा. स्प्रिंगच्या ताणाने वजन असं तोलायचं की हात जिथे नेऊन सोडाल तिथे तो थांबला पाहिजे, ही युक्ती त्याने शोधली आणि १९३२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. रेडिचच्या हर्बर्ट टेरी अँड सन्स या स्प्रिंग बनवणाऱ्या कारखान्याने त्यावरून अँगलपॉइज दिवा काढला. आधीचा चार स्प्रिंगांचा, आणि १९३५ मध्ये घरांसाठी तीन स्प्रिंगांचा १२२७ क्रमांकाचा. नॉर्वेच्या याक याकोबसेनने त्याच तत्त्वावर १९३७ मध्ये लक्सो दिवा आणला. आज माइकचा हात म्हणून विकलं जातं ते याच दिव्याचं नातवंड आहे.

पण दिव्याच्या बाबतीत एक गोष्ट पक्की होती. दिव्याचं डोकं कारखान्यातच बसवलेलं असायचं. त्याचं वजन किती हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं आणि स्प्रिंग त्या एकाच वजनासाठी निवडलेली होती. माइकच्या हाताला डोकं नसतं. ते ग्राहक आपल्या घरून आणतो, आणि प्रत्येकाचं वजन वेगळं. दिव्याचा हात माइकसाठी विकायला काढला, त्या क्षणी किमान आणि कमाल वजन छापणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी झाली. स्वस्त हात विकणाऱ्यांनी दिव्याचा आकार उचलला आणि ही जबाबदारी सोडून दिली.

किमान वजनाचा आकडाही मी मुद्दाम म्हणतोय. रोड या कंपनीने आपल्या जुन्या पीएसए-१ हातावर ७०० ग्रॅम ते १.१ किलो ही मर्यादा स्पष्ट दिली होती. आता ऑडिओ टेक्निकाचा एटी-२०२० घ्या. आपल्याकडे घरोघरी दिसणारा हा माइक ३४५ ग्रॅमचा आहे. तो त्या हाताला लावला तर स्प्रिंगचा ओढा जास्त पडतो आणि हात वर जाऊ पाहतो. खाली आणून सोडला की पुन्हा वर. मग सांध्यांचे नट करकचून आवळावे लागतात, म्हणजे स्प्रिंगचा उपयोगच संपला. पुढे आलेल्या पीएसए-१ प्लसवर ही मर्यादा ९४ ग्रॅम ते १.२ किलो अशी झाली. वस्तू महाग आहे, मान्य. पण बनवणारा आपल्या वस्तूचं मोजमाप करतो आणि ते जाहीर करतो. बाजारात चांगलं आणि वाईट यांतली रेघ मला इथे दिसते. किमतीची चर्चा त्यानंतर.

माइकवाले तरी आपल्या वस्तूंची वजनं सांगतात. शुअरचा एसएम-७बी सुमारे ७६५ ग्रॅमचा, रोडचा पॉडमाइक ९३७ ग्रॅमचा, शुअरचाच एमव्ही-७ साधारण ५५० ग्रॅमचा, आणि स्टेजवरचा नेहमीचा एसएम-५८ तीनशे ग्रॅमच्या आसपास. सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत जड यांत तिपटीहून जास्त फरक आहे. तरीही दुकानदार एकच हात दाखवून ‘सगळ्या माइकांना चालतो’ म्हणतो. ज्याला हे वाक्य बोलताना अडखळायला होत नाही, त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानदाराइतकाच राग मला व्हिडिओ करून हे हात सुचवणाऱ्यांचा आहे. मराठीत, हिंदीत, गुजरातीत असे पन्नास व्हिडिओ मी पाहिले. खोकं उघडतात, काळा रंग छान आहे म्हणतात, हात दोनदा वरखाली करतात, खाली खरेदीची लिंक देतात. एकानेही हात पूर्ण लांब करून, वजन लावून, रात्रभर तसाच ठेवून सकाळी फूटपट्टीने मोजलेलं मी पाहिलं नाही. दहा मिनिटं हाताळलेल्या वस्तूला ‘भक्कम’ म्हणायचा अधिकार यांना कोणी दिला? त्या लिंकवरून विकत घेणारा प्रेक्षक कोण असतो, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. शिकवण्यांतून पैसे साठवून पहिला माइक घेतलेली मुलगी, निवृत्तीनंतर गोष्टी सांगू पाहणारे गुरुजी. त्यांच्या खिशातून तुम्ही दलाली खाता, तर निदान एक रात्र तरी वस्तू ताणून बघा.

आम्ही घरी रेकॉर्ड करणारेही यातून सुटत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं ॲप भारतात आलं आणि मराठी पुस्तकं ऐकण्याला बाजार मिळाला. करोनाच्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद पडले तेव्हा कपाटात, गाद्यांच्या आडोशाला बसून लोकांनी पुस्तकं वाचली. तेव्हापासून मराठी आवाजवाल्यांच्या गप्पा मी ऐकतोय. माइक कोणता, इंटरफेस कोणता, सॉफ्टवेअर कोणतं. तीस हजारांचा माइक घेणारा माणूस तो टांगायला हजाराचा हात घेतो आणि भिंतीला पाच हजारांचा फोम चिकटवतो. हा अग्रक्रम चुकीचा आहे, आणि कतारगामसारख्या वस्तीत तर तो सरळ नुकसानीचा आहे.

आमच्याकडचा आवाज कसला असतो ते सांगतो. गल्लीत एम्ब्रॉयडरीची यंत्रं, मागच्या बाजूला लूमचा कारखाना, समोरच्या इमारतीत हिऱ्यांच्या घंट्या, म्हणजे पैलू पाडायची चाकं, वेड रोडवरच्या रिक्षा, आणि संक्रांतीला दोन दिवस गच्चीगच्चीवर स्पीकर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र दहा ते सहा धरून. ती आमच्या गल्लीला कोणी वाचून दाखवलेली नाही. लोकांची रोजीरोटी त्या यंत्रांवर आहे. मी यंत्रवाल्यांशी भांडत नाही, कारण भांडणाने रेकॉर्डिंग होत नसतं.

अशा ठिकाणी वाचवतं ते एकच, माइक तोंडाजवळ आणणं. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज माइकपाशी ६ डेसिबलने कमी पोचतो. दहा सेंटिमीटरवरचा माइक वीस सेंटिमीटरवर गेला की सहा गेले, चाळिसावर गेला की बारा. यंत्रांचा आवाज मात्र खोलीत सगळीकडे जवळपास सारखाच भरलेला असतो, तो कमी होत नाही. तुम्ही तुमचा आवाज पुन्हा पूर्वपदावर आणायला गेन वाढवता, त्याबरोबर यंत्रंही तेवढीच वाढतात. ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुक निर्मितीच्या व्यवस्थेत मागचा गोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली असावा लागतो. दहा सेंटिमीटरवर हे मला आमच्या घरातही जमतं. वीस सेंटिमीटरवर कधीच जमलेलं नाही. शिवाय दिशेला धरून ऐकणाऱ्या माइकला जवळच्या तोंडाचा खर्ज जास्त लागतो. अंतर वाढलं की तो खर्ज उतरतो आणि आवाजाचा पोतच बदलतो. कोणतंही सॉफ्टवेअर तो पूर्ण परत आणून देत नाही.

म्हणजे हात चार बोटं खाली येणं ही दिसायची गैरसोय नाही. माझं ते पंचेचाळीस मिनिटांचं प्रकरण त्या चार बोटांनी खाल्लं. पाच हजारांचा फोम तिथे काहीही करू शकत नव्हता. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. तळमजल्यावरच्या यंत्राची जी थरथर खांबातून, लादीतून, टेबलाच्या पायातून वर चढते, तिला तो अडवत नाही. ती थरथर सैल सांध्यांच्या पोकळ हातात शिरली की स्प्रिंग वाजायला लागते, हलकीशी टणटण. कानाला खोलीत ऐकू येत नाही, हेडफोनमध्ये स्पष्ट येते. बाहेर उघड्या लटकणाऱ्या स्प्रिंगांचे हात मी यासाठीच घेत नाही. त्या स्प्रिंगांना नखाने टिचकी मारून बघा, तंबोऱ्यासारख्या वाजतात.

आणि हे सगळं कोणत्या गावात चाललंय? जगातले बहुतेक हिरे ज्या शहरात पैलू पाडून घेतात, त्या शहराच्या हिऱ्यांच्या वस्तीत. आमच्या समोरच्या इमारतीत एका घंटीभोवती चार-चार रत्नकलाकार बसतात. फिरत्या चाकावर हिरा टेकवताना तो पकडणारं अवजार केसभर सरकलं तर पैलू वाया जातो आणि मालाची किंमत उतरते. म्हणून ते कारागीर अवजाराच्या पकडीवर जिवापाड लक्ष ठेवतात. हिरा कितीही मोलाचा असो, तो ज्यात धरलाय ती पकड आधी बघायची हे तिथे पोरगंसुद्धा पहिल्या महिन्यात शिकतं. वरच्या मजल्यावर माल पारखायला बसलेल्यांच्या डोक्याशी सांध्याचे दिवे असतात. ते दिवे वर्षानुवर्षं त्याच जागी थांबतात, कारण त्यांच्या मालकाने थांबणारे दिवे घेतले. पैशाचा माल हातात असलेल्या माणसाला पकडीची किंमत कळते. आवाज हाही माल आहे. आम्ही तासाच्या भावाने तो विकतो.

आता निवडायचं कसं ते सांगतो, कारण नुसता शिव्या देणारा लेख वाचून कोणाचा माइक सावरत नाही.

आधी स्वतःला विचारा, हात लागतोच का? बसून, एका जागेवरून, कागद समोर ठेवून वाचणाऱ्याला हलणारा हात लागत नाही. जड गोल तळाचा, सरळ उभा, सांधे नसलेला जमिनीवरचा स्टँड घ्या, वर आखूड आडवा दांडा. बाजारातल्या हजार-दीड हजाराच्या प्रत्येक स्प्रिंगवाल्या हातापेक्षा तो चांगला आहे. टेबलाला शिवत नाही, त्यामुळे कागद उलटल्याचा, कोपर टेकल्याचा धक्का त्यात जात नाही. हात लागतो तो दिवसभर त्याच टेबलावर दुसरं काम करून रात्री माइक पुढे ओढणाऱ्याला. आमच्या एकदीड खोल्यांच्या घरांत तसे लोक पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच.

हात घ्यायचाच असेल तर आधी माइक, शॉक माउंट, फिल्टर, सगळं एकत्र किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून वजन करा. दुकानात जाताना एक किलो मिठाची पिशवी सोबत न्या. हात पूर्ण लांब करून टोकाला पिशवी बांधा, जमिनीपासूनची उंची मोजा आणि तिथेच अर्धा तास थांबा. दुकानदार नको म्हणाला तर तेच उत्तर समजा. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत संपण्याच्या आत घरी हीच परीक्षा रात्रभर करा आणि फूटपट्टीसकट फोटो काढून ठेवा. माझ्या परीक्षेत एक सेंटिमीटर खाली आलेला हात नापास, मग त्यावर कोणाचंही नाव छापलेलं असो.

क्लॅम्प बघा. तोंडाची चकती मोठी हवी, स्क्रू जाड हवा, शरीर ओतीव किंवा जाड पत्र्याचं हवं. टेबलाची कड प्लायवूडची, किमान १८ मिलिमीटर जाड असेल तर उत्तम. पार्टिकल बोर्ड असेल तर वरून-खालून तळहाताएवढ्या लोखंडी पट्ट्या घाला, जोर पसरतो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावू नका, कोणी कितीही रबर दिलं तरी. टोकाचे आटेही बघा. माइक स्टँडचे आटे मुख्यतः दोन मापांचे असतात, ५/८ इंच आणि ३/८ इंच. पहिल्यात इंचाला २७ आटे, दुसऱ्यात १६. दोन्ही जुळवायला ॲडाप्टर लागतो आणि स्वस्त हातासोबत तो प्लास्टिकचा मिळतो. एक किलोचा माइक प्लास्टिकच्या आट्यांवर टांगू नका. पितळेचा किंवा पोलादाचा ॲडाप्टर फार तर शंभर-दीडशे रुपयांना मिळतो.

मी स्वतः शेवटी विकतचा हात घेतलाच नाही. लेथवाल्या काकांनी एक इंची भरीव सळईचा खांब केला, खाली ८ मिलिमीटरची चौकोनी प्लेट, टेबलातून आरपार चार बोल्ट आणि टेबलाखाली दुसरी प्लेट. खांबावर फिरणारा आडवा पाइप, पुढे ७५ सेंटिमीटरवर माइक, मागे २५ सेंटिमीटरवर लोखंडी वजन. पुढचा एक किलो तोलायला मागे तीन किलो लागतात, पाइपाचं स्वतःचं वजन धरून पावणेचार लागले. स्प्रिंग एकही नाही. वजनाने वजन तोललं जातं, त्यामुळे टेबलावर येणारा मरोडही जवळपास संपतो, आणि स्प्रिंगला हे कधीच जमत नाही. मागे वीतभर मोकळी जागा लागते, दिसायला ओबडधोबड आहे. टेबलाच्या चारही पायांखाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे घातले. लोखंड आणि मजुरी मिळून अठराशे रुपये गेले, म्हणजे मोडलेल्या हातापेक्षा साडेचारशे जास्त. ज्यांच्या गावात लेथ आहे त्यांनी तिथे जावं. महाराष्ट्रात इचलकरंजीपासून मालेगावपर्यंत जिथे यंत्रमाग आहेत तिथे असे कारागीर आहेत, आणि त्यांना वजन-अंतराचा हिशेब शिकवावा लागत नाही.

पण सगळ्यांनी लेथवर जावं हा फसवणुकीवरचा उपाय होऊ शकत नाही. वेष्टनबंद वस्तूंसाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, तक्रारीसाठीचा संपर्क हे सगळं खोक्यावर छापावं लागतं. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनी वस्तू कोणत्या देशाची तेही सांगावं लागतं. माझ्या खोक्यावर आयात करणाऱ्याचा पत्ता चिकटपट्टीखाली दडलेला होता आणि दूरध्वनी क्रमांक लागत नव्हता. पेलायचं वजन छापण्याची सक्ती मात्र त्या खोक्यावर नाही. ती हवी. जी वस्तू भार उचलण्यासाठीच विकली जाते तिच्यावर किती भार, किती अंतरावर, किमान किती आणि कमाल किती, हे छापणं बंधनकारक करा.

तोवर कायद्यात जे आहे ते तरी वापरा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्हाला तुमच्या राहत्या गावच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. साडेतेराशे रुपयांसाठी कोण एवढं करतो, हे मला किमान दहा जणांनी ऐकवलं. विक्रेत्याचा सगळा धंदा त्याच वाक्यावर उभा आहे. दहा हजार लोकांकडून साडेतेराशे घ्यायचे आणि दहाही जण तक्रार करणार नाहीत याची खात्री बाळगायची. मी तक्रार केली आहे. फूटपट्टीचे फोटो, चेपलेली जाळी आणि ‘दोन किलो’ लिहिलेल्या पानाची छापील प्रत जोडली आहे.

तुमचा हात खाली येत असेल तर नट आवळत बसू नका. आज रात्री तो पूर्ण लांब करा, माइकची उंची भिंतीवर पेन्सिलच्या खुणेने नोंदवा, सकाळी पुन्हा नोंदवा आणि दोन्ही खुणांचा फोटो विक्रेत्याला पाठवा. सोबत एकच ओळ लिहा: किती वजन, किती अंतरावर, लेखी कळवा. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ ला फोन करा.